एनएफएस माउंटवर रूटलाच परमिशन का मिळत नाही? रूट स्क्वॉशबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर रूट म्हणजे काहीही करू शकणारा यूजर ही सवय डोक्यात पक्की बसलेली असते, आणि मग एनएफएसचं शेअर, म्हणजे नेटवर्कवरून मिळणारं दुसऱ्या मशिनचं फोल्डर, माउंट केल्यावर त्याच रूटला साधी फाइल बनवता येत नाही तेव्हा माणूस गोंधळतो. त्या गोंधळात पहिला सल्ला मिळतो तो सर्व्हरवर नो_रूट_स्क्वॉश हा ऑप्शन लावायचा, म्हणजे रूटला अडवणारं रूट_स्क्वॉश बंद करायचा, आणि बहुतेक वेळा तोच सल्ला चुकीचा असतो, म्हणून हे सगळं एका जागी लिहिलंय. उत्तरं लिनक्स कर्नलमधल्या एनएफएस सर्व्हरला धरून आहेत, नॅस बॉक्स (नेटवर्कवरचं तयार स्टोरेज) आणि क्लाउडचं शेवटाकडे बघा.

मी रूट आहे, सुडोपण केलं, तरी परमिशन डिनाइड कसं काय?

तुम्ही रूट आहात ते तुमच्या मशिनवर. फाइल सर्व्हरच्या डिस्कवर आहे आणि ती द्यायची की नाही हे सर्व्हरचा कर्नल ठरवतो, तुमचा नाही. तुमचं मशिन प्रत्येक रिक्वेस्टबरोबर फक्त नंबर पाठवतं: यूआयडी (यूजरचा नंबर), जीआयडी (ग्रुपचा नंबर) आणि सोबत जास्तीत जास्त १६ जादा ग्रुप. पासवर्ड वगैरे काही जात नाही. ह्या पद्धतीला ऑथ_सिस म्हणतात, माउंट ऑप्शनमध्ये ती सेक=सिस अशी दिसते. रूटचा नंबर ०, आणि लिनक्स सर्व्हरवर तुम्ही काहीही लिहिलं नाही तरी रूट_स्क्वॉश चालूच असतं, म्हणजे ० आला की सर्व्हर तो बदलून ६५५३४ करतो, जो बहुतेक डिस्ट्रोवर नोबडी नावाचा यूजर असतो, आणि पुढची सगळी तपासणी नोबडीच्या नावाने होते.

डोळ्यांनी बघायचं असेल तर सर्व्हरवर एक टेस्ट डिरेक्टरी करा, तिला चमॉड १७७७ द्या, म्हणजे कुणालाही लिहिता येईल, एक्सपोर्ट करा, म्हणजे नेटवर्कवर वाटायला द्या, क्लायंटवर माउंट करा, रूट होऊन तिथे टच कमांडने एक फाइल बनवा आणि एलएस -एलएन मारा. फाइल बनलेली असेल, पण मालकाच्या रकान्यात ० नाही तर ६५५३४ दिसेल, ग्रुपच्या रकान्यातही तेच. आता रूट म्हणूनच चोन मारून तिचा मालक ० करून बघा, ऑपरेशन नॉट परमिटेड येईल. एवढं एकदा करून बघितलं की पुढचं सगळं पटकन समजतं. एलएसला -एन द्यायचं ते नावाऐवजी नंबर दिसावेत म्हणून, कारण ह्या भानगडीत नावं फसवतात, नंबर नाही.

हे असं का ठरवलं असेल? रूटला रूट राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९८४ च्या सुमारास तयार झालं. प्रत्येकाच्या टेबलावर एक वर्कस्टेशन आणि मध्ये एक सर्व्हर, अशी तेव्हाची मांडणी. आता वर्कस्टेशन ज्याच्या समोर आहे तो माणूस ते सिंगल यूजर मोडमध्ये बूट करून रूट होऊ शकतो, मग त्याच्या मशिनने पाठवलेल्या ० वर सर्व्हरने विश्वास ठेवला तर ऑफिसातलं प्रत्येक टेबल सर्व्हरचं रूट झालं. हा धोका प्रोटोकॉलच्या कागदपत्रांतही सरळ लिहिलेला आहे, १९८९ च्या आरएफसी १०९४ मध्ये आणि १९९५ च्या आरएफसी १८१३ मध्येसुद्धा, आणि अपवाद कोणता तेही तिथेच दिलंय: डिस्क नसलेली मशिनं, ज्यांची रूट फाइलसिस्टिमच एनएफएसवरून येते.

६५५३४ हा आकडा कुठून आला असंही लोक विचारतात. जुन्या सिस्टिममध्ये नोबडीचा नंबर -२ धरायचे, आणि यूआयडी १६ बिटचा असला की -२ म्हणजे ६५५३६ वजा २. बाकी काही गूढ नाही.

परमिशन डिनाइड आणि ऑपरेशन नॉट परमिटेड, दोन्ही एकच ना?

नाही, आणि हा फरक कळला तर अर्धा वेळ वाचतो. परमिशन डिनाइड म्हणजे वाचण्या-लिहिण्याच्या बिटांवर अडलं: डिरेक्टरी ७०० आहे, म्हणजे फक्त मालकाला उघडी, आणि तुम्ही आता नोबडी आहात, संपलं. ऑपरेशन नॉट परमिटेड म्हणजे ते कामच फक्त मालकाला किंवा खऱ्या रूटला करता येतं, उदाहरणार्थ चोन, किंवा दुसऱ्याच्या फाइलवर चमॉड. आणि रीड ओन्ली फाइल सिस्टिम असं आलं तर रूट स्क्वॉशचा काही संबंध नाही, एक्सपोर्ट किंवा माउंट आरओ, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, आहे. माउंट करतानाच ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर आलं तरी स्क्वॉशच्या मागे लागू नका, तुमचा आयपी एक्सपोर्टच्या यादीत बसत नाहीये किंवा पाथ चुकलाय.

माझ्या सगळ्याच फाइली नोबडीच्या दिसतायत, साध्या यूजरच्यापण. हेही रूट स्क्वॉशच का?

बहुतेक नाही. रूट स्क्वॉश फक्त ० नंबरला हात लावतं. जुन्या फाइली, ज्यांचे मालक सर्व्हरवर नीट दिसतात, त्या क्लायंटवर सरसकट नोबडी दिसत असतील तर ते एनएफएस व्हर्जन ४ चं नावांचं मॅपिंग असतं. व्हर्जन ४ मध्ये मालक हा यूजर ॲट डोमेन अशा नावाने जाऊ शकतो, आणि दोन्ही बाजूंच्या आयडीमॅपडी ह्या मॅपिंग करणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॉन्फिग फाइलमध्ये डोमेन वेगळं असेल किंवा ते नाव क्लायंटला माहीतच नसेल तर तो नोबडी दाखवतो. डोमेन सारखं करा, मग क्लायंटवर एनएफएसआयडीमॅप -सी मारून जुना कॅश साफ करा.

एक गंमतीची बाजू म्हणजे सेक=सिस असेल तर दिसायला नोबडी असूनही फाइल वाचता-लिहिता येते, कारण तपासणी नंबरावर चालते आणि मॅपिंग फक्त दाखवण्यापुरतं आणि चोनपुरतं. म्हणून नावं नोबडी दिसतायत पण काम चालतंय असं असेल तर सर्व्हरवरच्या एक्सपोर्ट्स फाइलला, जिथे कुठलं शेअर कुणाला द्यायचं ते लिहितात, हात लावू नका. उलट सर्व्हरवर जाऊन बघितलं आणि तिथेच ६५५३४ दिसतंय, म्हणजे डिस्कवर खरंच तसं लिहिलं गेलंय, तेव्हा ते स्क्वॉशचं काम.

नो_रूट_स्क्वॉश टाकलं की सगळं चालू होतं, मग तेच का ठेवू नये?

कारण मग क्लायंटवरचा कुणीही रूट त्या एक्सपोर्टपुरता सर्व्हरचा रूट होतो, आणि गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. समजा शेअर आरडब्ल्यू (वाचता-लिहिता येणारं) आणि नो_रूट_स्क्वॉश आहे. क्लायंटवर रूट असलेला माणूस बॅशची एक कॉपी त्या शेअरवर टाकतो, तिचा मालक रूट राहतो कारण आता ० बदलला जात नाही, मग तिच्यावर सेटयूआयडी बिट लावतो, म्हणजे फाइल कुणीही चालवली तरी ती मालकाच्या हक्कांनी चालते. आता सर्व्हरवर ज्याचं अगदी साधं, कसलेही हक्क नसलेलं लॉगिन आहे तो ती फाइल चालवतो आणि सर्व्हरवर रूट शेल मिळवतो. एक कॉपी, एक चमॉड, एक रन, बस्स. सिक्युरिटी ऑडिटवाले एक्सपोर्ट्स फाइल उघडून सगळ्यात आधी हा शब्द शोधतात तो ह्याचसाठी.

दुसरी बाजू क्लायंटची. तेच शेअर दहा क्लायंटवर माउंट असेल आणि माउंटला नोसूआयडी (सेटयूआयडी बिट न मानणारा ऑप्शन) नसेल तर एका क्लायंटवर बनवलेली ती फाइल बाकीच्या नऊ मशिनवरही तशीच चालते. म्हणून डेटाच्या शेअरवर, स्क्वॉश असो वा नसो, एफएसटॅब ह्या माउंटच्या यादीच्या फाइलमध्ये नोसूआयडी आणि नोडेव्ह (डिव्हाइस फाइली न मानणारा ऑप्शन) टाकायची सवय ठेवा, आणि सर्व्हरवर एक्सपोर्टसाठी वेगळं पार्टिशन ठेवून तेसुद्धा नोसूआयडीने माउंट करा. वेगळ्या पार्टिशनचा अजून एक फायदा आहे: एखाद्या मोठ्या फाइलसिस्टिमची आतली एकच डिरेक्टरी एक्सपोर्ट केली तर फाइल हँडल (सर्व्हर फाइलला देतो ती ओळख) अंदाजाने बनवून बाहेरच्या फाइलींपर्यंत पोचायची वाट उघडी राहते, नो_सबट्री_चेक, म्हणजे फाइल त्याच डिरेक्टरीतली आहे का हे न तपासणं, हे आता डीफॉल्ट आहे त्यामुळे तर जास्तच.

म्हणजे रूट स्क्वॉश चालू असलं की मी सेफ?

नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण रूट स्क्वॉशवर लोक गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवतात. क्लायंटवरच्या रूटला ० नंबर वापरता येत नाही, ठीक. पण तो क्लायंटवर १००१ नंबरचा यूजर बनवून एसयू करून त्याच्या रूपात जाऊ शकतो, आणि मग सर्व्हरला १००१ च दिसतो. ज्याच्या होम डिरेक्टरीत रूट म्हणून सीडी करता येत नव्हतं तिथे आता आरामात जाता येतं, त्याच्या एसएसएचच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये स्वतःची कीसुद्धा टाकता येते. रूट स्क्वॉश वाचवतं ते फक्त रूटच्या मालकीच्या फाइलींना. साध्या यूजरचा डेटा क्लायंटच्या रूटपासून वाचवणं हे त्याचं काम कधी नव्हतंच. मॅन पेजमध्येही स्पष्ट लिहिलंय की बिन यूजर किंवा स्टाफ ग्रुपसारखे दुसरे नाजूक नंबर ह्यात धरलेले नाहीत.

सिक्युअर नावाचा एक ऑप्शन डीफॉल्ट असतो, तो म्हणतो रिक्वेस्ट १०२४ च्या खालच्या पोर्टवरूनच आली पाहिजे. त्याने क्लायंटवरच्या साध्या यूजरला स्वतःचा प्रोग्रॅम लिहून खोटे नंबर पाठवता येत नाहीत, पण जो आधीच रूट आहे त्याला त्याची काही अडचण नाही. तेव्हा हिशोब सरळ ठेवा: ज्या मशिनचं रूट तुमच्या हातात नाही, म्हणजे डेव्हलपरचे लॅपटॉप, लॅबमधली मशिनं, तिथे सेक=सिसचं एक्सपोर्ट देऊच नका.

मग कर्बेरॉस लावलं तर?

कर्बेरॉस म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरकडून तिकीट घेऊन ओळख पटवायची पद्धत. ती लावली तर नंबरावर विश्वास संपतो आणि तिकिटावर सुरू होतो. सेक=केआरबी५ मध्ये ओळख पटते, केआरबी५आय मध्ये पॅकेटमध्ये वाटेत कुणी बदल केला नाही ह्याची खात्री मिळते आणि केआरबी५पी मध्ये सगळा ट्रॅफिक एन्क्रिप्ट होतो, अर्थात सीपीयू जास्त लागतो. आता क्लायंटच्या रूटने एसयू करून १००१ झालं तरी १००१ चं तिकीट नाही म्हणून सर्व्हर दार उघडत नाही.

रूटचं काय होतं? क्लायंटवर आरपीसी.जीएसएसडी नावाचा डीमन रूटसाठी मशिनची कीटॅब (साठवलेल्या किल्ल्यांची फाइल) वापरतो, म्हणजे सर्व्हरला रूट नाही तर त्या मशिनचं नाव दिसतं. ते नाव कुठल्या यूजरशी मुद्दाम जोडलेलं नसेल तर ते नोबडीच धरलं जातं, त्यामुळे कर्बेरॉसवर नो_रूट_स्क्वॉश लिहूनही रूटला काही करता येत नाही अशा तक्रारी येतात त्याचं कारण हे. मॅपिंग हाताने लिहावं लागतं.

कर्बेरॉससुद्धा सगळं झाकत नाही हे लक्षात असू द्या. यूजर त्या मशिनवर लॉगिन असताना त्याचं तिकीट तिथेच कॅशमध्ये पडलेलं असतं आणि त्या मशिनचा रूट ते उचलू शकतो. पण नुकसान त्या वेळी लॉगिन असलेल्या लोकांपुरतं आणि तिकिटाच्या मुदतीपुरतं राहतं, सगळ्या कंपनीच्या होम डिरेक्टऱ्यांपर्यंत पोचत नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. हो, आणि घड्याळं जुळवून ठेवा, ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की डीफॉल्ट सेटिंगवर तिकीट नाकारलं जातं आणि मग लोक परमिशन तपासत बसतात.

होम डिरेक्टऱ्या एनएफएसवर आहेत, आता सुडो केलं की विचित्र गोष्टी होतात.

होणारच. होम ७०० असेल तर सुडोने चालणारी कमांड त्या डिरेक्टरीत पायच ठेवू शकत नाही. सुडो व्हिम करून स्वतःचीच फाइल उघडत नाही, आणि सुडो काढून टाकलं की उघडते. सुडोने ग्राफिकल प्रोग्रॅम चालवला तर त्याला तुमची एक्सऑथॉरिटी फाइल (स्क्रीन वापरायची परवानगी तिच्यात असते) वाचता येत नाही म्हणून विंडोच येत नाही. रूटच्या क्रॉनमधली स्क्रिप्ट होममध्ये लॉग लिहायला जाते आणि गपचूप मरते. ह्या सगळ्यावर उपाय एकच, काम ज्याचं आहे त्याच्या नावाने चालवा: सुडो -यू यूजरचं नाव, किंवा त्याच यूजरच्या क्रॉनटॅबमध्ये टाका.

नवीन यूजरचं होम पहिल्या लॉगिनला आपोआप बनवणारं पॅम_एमकेहोमडिर मॉड्यूल क्लायंटवर रूट म्हणून चालतं, त्यामुळे स्क्वॉश असलेल्या शेअरवर ते फेल होतं. होम सर्व्हरवरच बनवायची व्यवस्था करा, यूजर तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या की झालं.

एसएसएचबद्दल खूप जण घाबरतात की एसएसएचडी रूट म्हणून चालतो तर तो ऑथराइज्ड कीज कशी वाचणार. तो ती फाइल वाचताना तात्पुरता त्या यूजरच्या रूपात जातो, म्हणून सेक=सिसवर काही अडत नाही. कर्बेरॉसवर मात्र अडतं, कारण यूजर अजून आत आलेलाच नसतो, तिकीट कुठून असणार, अशा वेळी कीज होमच्या बाहेर ठेवाव्या लागतात, लोकल डिस्कवर किंवा एसएसएसडी ह्या सर्व्हिसमार्फत यूजरची माहिती ठेवणाऱ्या डिरेक्टरी सर्व्हरवरून. आणि रेड हॅटच्या घराण्यातल्या डिस्ट्रोवर एसईलिनक्स (कर्नलमधला जादा सुरक्षेचा थर) चालू असेल तर यूज_एनएफएस_होम_डिर्स हे बूलियन ऑन आहे का तेही बघा, त्याचं परमिशन डिनाइड अगदी स्क्वॉशसारखंच दिसतं.

डॉकरमध्ये पोस्टग्रेस सुरू होत नाही, चोनवर ऑपरेशन नॉट परमिटेड येतं.

हा प्रश्न आता सगळ्यात जास्त येतो. पोस्टग्रेसची ऑफिशियल इमेज आधी रूट म्हणून उठते, डेटा डिरेक्टरीचा मालक बदलून पोस्टग्रेस यूजर करते आणि मग स्वतः त्या यूजरच्या रूपात जाते. व्हॉल्यूम एनएफएसवर असेल तर मधली ती चोनची पायरी सर्व्हरला नोबडीकडून आलेली दिसते आणि तो नकार देतो. कंटेनरमधला रूटसुद्धा बाहेर ० नंबरच आहे, डॉकर असल्याने सर्व्हरला काही फरक पडत नाही.

इथे लोक लगेच नो_रूट_स्क्वॉश टाकतात. त्यापेक्षा असं करा: सर्व्हरवर ती डिरेक्टरी आधीच योग्य नंबरच्या मालकीची करून ठेवा, डेबियनवर बनलेल्या इमेजमध्ये पोस्टग्रेसचा यूआयडी ९९९ असतो आणि अल्पाइनवाल्या इमेजमध्ये ७०, आणि कंटेनर सुरुवातीपासून त्याच नंबरने चालवा, कंपोज फाइलमध्ये यूजर ९९९:९९९ लिहून. कंटेनर रूट म्हणून उठतच नाही, चोनची गरज राहत नाही, स्क्वॉश जागेवर राहतं. ही पद्धत जवळपास सगळ्या इमेजना लागू होते, फक्त नंबर आधी इमेजमध्ये आयडी कमांड मारून बघून घ्या. आणि डेटाबेस एनएफएसवर ठेवायचाच असेल तर माउंट हार्ड ठेवा, सॉफ्ट नको, सॉफ्टवर टाइमआउट झाला की लिहिणं अर्धवट राहून डेटा करप्ट होऊ शकतो.

कुबरनेटीजमध्ये एफएसग्रुप दिलाय तरी ग्रुप बदलत नाही. आणि रूटलेस पॉडमॅनपण चालत नाही.

एफएसग्रुप म्हणजे व्हॉल्यूमच्या फाइलींना कुठला ग्रुप हवा ते सांगणारं सेटिंग. कुबरनेटीजचा आत बांधलेला एनएफएस व्हॉल्यूम प्लगइन एफएसग्रुपप्रमाणे मालकी बदलायच्या भानगडीतच पडत नाही. पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांना) तो ग्रुप जादा ग्रुप म्हणून मिळतो, डिरेक्टरीचा ग्रुप मात्र तुम्हालाच सर्व्हरवर लावून ठेवावा लागतो, चमॉड २७७० सकट, म्हणजे आत बनणाऱ्या फाइलींना तोच ग्रुप लागतो. रनॲजयूजर आणि एफएसग्रुप नीट दिले आणि डिरेक्टरी आधी तयार असेल तर स्क्वॉश चालू ठेवून सगळं छान चालतं.

रूटलेस पॉडमॅनचं, म्हणजे रूटशिवाय कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, दुखणं वेगळं आहे. तो इमेज उलगडताना फाइलींना तुमच्या सबयूआयडीतले, म्हणजे तुम्हाला नेमून दिलेल्या जादा यूआयडींतले, वेगवेगळे नंबर द्यायला बघतो, तुमच्या मशिनच्या कर्नलला ते मान्य असतं कारण यूजर नेमस्पेस त्याला माहीत आहे, पण एनएफएस सर्व्हरला त्यातलं काहीच माहीत नाही, त्याला दिसतं की एक साधा यूजर दुसऱ्याच्या नावावर फाइल करतोय. इथे नो_रूट_स्क्वॉशनेही काही होत नाही, कारण रूट कुठे आलाच नाही. स्टोरेजचा पाथ लोकल डिस्कवर न्या, दुसरा मार्ग शोधण्यात वेळ घालवू नका.

बॅकअप घेताना काही फाइली सुटतात.

क्लायंटवर रूट होऊन एनएफएस माउंटवरचा बॅकअप घेत असाल तर ६०० परमिशनच्या फाइली नोबडीला वाचता येत नाहीत, म्हणून त्या सुटतातच. उलट दिशेने, एनएफएसवर आरसिंक -ए ने कॉपी केलं तर फाइली जातात पण प्रत्येकीवर चोन फेल्ड येतं आणि शेवटी एक्झिट कोड २३. मालकी नको असेल तर --नो-ओनर आणि --नो-ग्रुप लावा. मालकी हवी असेल तर बॅकअप थेट सर्व्हरवर चालवा किंवा आरसिंक एसएसएचवरून न्या, एनएफएस मध्ये आणूच नका. आणि कृपा करून स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोड तपासा, महिनोन्महिने अर्धवट बॅकअप होत राहतो आणि कळतं ते रिस्टोरच्या दिवशी.

मग नो_रूट_स्क्वॉश कुठेच वापरायचं नाही का?

वापरायचं, जिथे क्लायंटचा रूट आणि सर्व्हरचा रूट खरोखर एकाच टीमच्या हातात आहे आणि कामच रूटचं आहे. डिस्कलेस बूट, व्हीएमवेअर ईएसएक्सआयचं डेटास्टोर, जो रूट म्हणूनच लिहितो, प्रॉक्समॉक्सच्या कंटेनरच्या डिस्क, किंवा एखादा ॲडमिन होस्ट. फक्त ते सगळ्या नेटवर्कला देऊ नका, त्या एकाच आयपीला द्या:

/डेटा १९२.१६८.१.१०(आरडब्ल्यू,सिंक,नो_रूट_स्क्वॉश) १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक)

इथे १० नंबरचं मशिन दोन्हींत बसतं, पण एकट्या होस्टची नोंद नेटवर्कच्या नोंदीच्या वरचढ ठरते, ओळीत आधी-नंतर कुठेही लिहिलं तरी.

आता एका स्पेसची गोष्ट. आयपी आणि कंस ह्यांच्यात चुकून स्पेस पडली तर अर्थ पूर्ण उलटतो: त्या आयपीला डीफॉल्ट मिळतं, म्हणजे फक्त वाचायला, आणि कंसातलं आरडब्ल्यू आणि नो_रूट_स्क्वॉश मिळतं सगळ्या जगाला. एक्सपोर्टएफएस वॉर्निंग देतो, पण ती वाचणारं कुणी नसलं तर काय उपयोग. एक्सपोर्ट्स फाइल बदलली की दर वेळी सर्व्हरवर एक्सपोर्टएफएस -व्ही मारून डोळ्यांनी बघा, त्यात न लिहिलेले डीफॉल्टसुद्धा पूर्ण छापून येतात आणि कुठल्या एक्सपोर्टला कुठलं स्क्वॉश लागलंय ते एका ओळीत दिसतं.

बदल केल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करायचा का?

गरज नाही. एक्सपोर्टएफएस -आरए पुरतं. क्लायंटवर अनमाउंट करायचीही सहसा गरज पडत नाही, थोडा वेळ जुना ॲक्सेस कॅश राहिला तर राहिला.

ऑल_स्क्वॉश कधी वापरायचं?

जिथे कोण आलं ह्याने फरक पडत नाही तिथे: सामायिक स्कॅनचं फोल्डर, पॅकेजचा मिरर, घरातला मीडिया सर्व्हर. सगळे नंबर एकाच यूजरवर आणायचे आणि तो यूजर ॲनॉनयूआयडी, ॲनॉनजीआयडीने ठरवायचा, समजा १५००. नोबडीवर ठेवू नका, कारण बाकीच्या सर्व्हिसही नोबडी वापरत असतात आणि त्यांच्या फाइली एकमेकांना उघड्या होतात. आणि ॲनॉनयूआयडी=० कधीच नाही. ते लिहिणं म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येकाला रूट करणं.

माझ्याकडे सिनॉलॉजी आहे किंवा ट्रूनॅस, तिथे हे शब्दच सापडत नाहीत.

नावं वेगळी, काम तेच. सिनॉलॉजीत स्क्वॉश नावाच्या यादीत नो मॅपिंग म्हणजे नो_रूट_स्क्वॉश, मॅप रूट टू गेस्ट हे साध्या रूट स्क्वॉशच्या जवळचं, आणि मॅप रूट टू ॲडमिनमध्ये रूट हा तिथला ॲडमिन होतो, म्हणजे हक्क बरेच मिळतात. ट्रूनॅसमध्ये मॅपरूट यूजर आणि मॅपऑल यूजर हे रकाने आहेत, मॅपरूटमध्ये रूट लिहिलंत तर स्क्वॉश बंद. नेटॲपवर एक्सपोर्ट पॉलिसीच्या रूलमध्ये सुपरयूजर हा रकाना बघा, नन म्हणजे रूट दाबला जातो.

क्लाउडवर काय परिस्थिती?

उलटी, आणि म्हणूनच तिथे जास्त सावध राहा. ॲमेझॉन ईएफएसवर रूट स्क्वॉश डीफॉल्टने नसतं आणि नवीन फाइलसिस्टिमची वरची डिरेक्टरी रूटच्या मालकीची, ७५५ असते, म्हणून तिथे तक्रार बरोबर उलट येते: रूटला लिहिता येतं, ॲपच्या यूजरला नाही. आयएएमच्या (ॲमेझॉनच्या हक्क ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या) पॉलिसीत क्लायंटरूटॲक्सेस दिला नाही की तिथे रूट दाबला जातो, आणि ॲक्सेस पॉइंटवर यूआयडी पक्का करून टाकता येतो, मला हाच मार्ग सगळ्यात स्वच्छ वाटतो. अझूर फाइल्सच्या एनएफएस शेअरवर तीन पर्याय आहेत, नो रूट स्क्वॉश, रूट स्क्वॉश आणि ऑल स्क्वॉश, आणि डीफॉल्ट पहिला. गूगल फाइलस्टोरवरही डीफॉल्टने रूट दाबलेला नसतो. म्हणजे ऑफिसातल्या सर्व्हरवरून क्लाउडवर डेटा हलवलात की संरक्षण आपोआप सोबत येत नाही, ते तुम्हाला चालू करावं लागतं.

एसएसएचएफएस माउंटवर पण रूटला जाता येत नाही. तिथेही स्क्वॉश?

नाही, तिथे नकार तुमच्याच कर्नलकडून येतो. एसएसएचएफएस फ्यूजवर, म्हणजे साध्या यूजरला माउंट करू देणाऱ्या सोयीवर, चालतं, आणि फ्यूजने केलेलं माउंट डीफॉल्टने फक्त ज्याने केलं त्यालाच दिसतं, रूटलाही नाही. रूट होऊन एलएस -एल मारलं तर त्या डिरेक्टरीच्या ओळीत परमिशनच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, बघून डिस्क खराब झाल्यासारखी वाटते पण काही बिघडलेलं नसतं. रूटला हवं असेल तर माउंट करताना अलाउ_रूट द्या, आणि त्यासाठी फ्यूजच्या कॉन्फिग फाइलमध्ये यूजर_अलाउ_अदर उघडलेलं लागतं.

सांबाचं (विंडोज पद्धतीच्या शेअरचं) माउंट आणखी वेगळं. तिथे सर्व्हरला तुमचा यूआयडी दिसतच नाही, माउंट करताना ज्या नावा-पासवर्डने लॉगिन केलं तोच यूजर. यूआयडी= आणि जीआयडी= हे ऑप्शन फक्त तुमच्या बाजूला कोण मालक दिसावा एवढ्यासाठी.

यूजर बरोबर आहे, ग्रुपमध्येही आहे, रूटचा संबंध नाही, तरी डिनाइड?

आयडी मारून ग्रुप मोजा. सुरुवातीला सांगितलं तसं सोबत १६ च ग्रुप जातात, १७ वा कापला जातो आणि नेमका तोच लागणारा असतो. मोठ्या कंपन्यांत ॲक्टिव्ह डिरेक्टरीमुळे हे सर्रास होतं. सर्व्हरवर आरपीसी.माउंटडी --मॅनेज-जीआयडीज ने चालवा, मग तो क्लायंटने पाठवलेले ग्रुप बाजूला ठेवून स्वतःच्या यादीतून शोधतो, अर्थात सर्व्हरला ते यूजर माहीत असले पाहिजेत.

कर्बेरॉस आमच्याकडे जमणार नाही, मधला काही मार्ग?

आहे, आरपीसीवर टीएलएस, म्हणजे एनएफएसच्या रिक्वेस्ट एन्क्रिप्ट करून पाठवणं. २०२२ मध्ये आरएफसी ९२८९ म्हणून ते आलं आणि लिनक्समध्ये सर्व्हरला कर्नल ६.४ पासून, क्लायंटला ६.५ पासून मिळतं. माउंटला एक्सपीआरटीसेक=एमटीएलएस दिलं की ट्रॅफिक एन्क्रिप्ट होतो आणि सर्व्हर क्लायंट मशिनचं सर्टिफिकेट तपासतो, म्हणजे कुणी स्वतःचा लॅपटॉप त्याच आयपीवर लावून आत येणं बंद. पण ओळख पटते ती मशिनची, माणसाची नाही, आत नंबर तेच जुने जातात, त्यामुळे त्या मशिनचा रूट एसयू करून कुणीही होऊ शकतो हे तसंच राहतं, आणि एमटीएलएस लावलं म्हणून एक्सपोर्ट्स फाइलमधलं रूट_स्क्वॉश काढायचं नाही.